घरात मासे आठवड्यातून दोनदा कसे होतील?

मासे सगळ्यांना आवडतात, तरी घरी महिन्यातून एकदाच होतात. अशा घरांत भाव हे कारण कमीच असतं. बांगडा, मांदेली परवडतात. नडतं ते साफ करणं, वास, काटे आणि वार.

सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी वगळून सगळे रविवारी बाजारात उतरतात. गर्दी तेव्हाच आणि भावही तेव्हाच चढे. मंगळवारी किंवा बुधवारी दोन वेळचे मासे एकदम घ्या. कल्ले लालभडक, डोळे फुगीर, दाबलेलं मांस लगेच वर येणारं, एवढं बघा. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. अंग लाल होतं, डोकं दुखतं आणि दोष ‘मासे सोसत नाहीत’ यावर जातो. पिशवीत बर्फ मागून घ्याच.

कोळणीकडून साफ करून घेतले तरी पोटातला काळा पापुद्रा आणि कण्यालगतचं रक्त घरी काढावं लागतं. वासाचं मूळ तिथेच. हाताला बेसन चोळा. कल्ले, आतडी डब्यात टाकू नका; पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, घंटागाडी आली की द्या. निम्मी कटकट इथेच मिटते.

दुसऱ्या वेळचे मासे कोरडे पुसून, एका जेवणापुरते, चपट्या पाकिटात गोठवा. मीठ लावू नका, पाणी सुटतं. ओले बोंबील मात्र त्याच दिवशी संपवा. गोठवले की त्यांचा लगदा होतो.

तळणीचा वास घरभर राहतो, म्हणून आडवारी कालवण. चार बांगड्यांना एक वाटी खोबरं, सहा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद वाटून घ्या. वाटणाला उकळी आली की तुकड्या, पाच आमसुलं, मीठ आणि बिया काढून ठेचलेली आठ तिरफळं घाला (वाटू नका, कडवट होतं). मंद आचेवर आठ मिनिटं. पळी घालू नका, टोप हलवा.

मुलांना सुरुवातीला सुरमई, रावस, कोळंबी द्या. बारीक काट्यांची करली नंतर.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यासाठी मेमध्येच सोडे (सोललेली सुकी कोळंबी), सुका जवळा, सुके बोंबील कडक उन्हात तापवून घट्ट डब्यात भरा.