मैफलीसाठी आवाजाची पातळी कशी ठरवावी आणि साउंडवाल्याला कशी लिहून द्यावी

ग्वाल्हेरमधील लश्कर भागातल्या आपल्या मंडळांत गणेशोत्सवाच्या आराशीचा आणि प्रसादाचा हिशेब पै-पैसा मांडून लिहिला जातो. मात्र गाण्याच्या कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था ठरवताना ‘दोन हजार वॉट लावा, आवाज दणदणीत हवा’ एवढ्यावर बोलणे संपते. वॉट ही अॅम्प्लिफायरची शक्ती आहे. श्रोत्याच्या कानापाशी किती आवाज पोहोचेल, हे त्यावरून कळत नाही. एका कार्यक्रमात विलंबित ख्याल सुरू असताना पहिल्या रांगेतील एका आजोबांनी कानांत कापसाचे बोळे घातलेले मी पाहिले, आणि त्याच वेळी मागे बसलेल्या बायका शब्द कळत नाहीत म्हणून तक्रार करत होत्या. शक्ती भरपूर होती. ठरवलेली पातळी नव्हती.

पातळी लिहिताना किती डेसिबल, कोणत्या मापनाने, किती वेळाच्या सरासरीने आणि कोणत्या जागी, या चारही गोष्टी सांगाव्या लागतात. यांपैकी एक जरी राहिली, तरी नुसत्या आकड्याला अर्थ उरत नाही. ए-मापन माणसाच्या कानाप्रमाणे खर्जाचा आवाज कमी धरते, म्हणून नियमांत आणि करारांत तेच वापरतात. परंतु ढोल किंवा मोठे बेस स्पीकर असतील, तर शेजाऱ्यांच्या भिंतींना जाणवणारा दणका त्या मापनात पुरेसा दिसत नाही, तेव्हा खर्जही पुरता धरणाऱ्या सी-मापनाची नोंदही ठेवावी.

सुरुवात शांततेपासून करावी. कार्यक्रमाच्याच वेळी, पंखे, जनरेटर आणि रस्त्यावरची रहदारी चालू असताना, पुढे, मध्ये आणि मागे पाच-पाच मिनिटांची सरासरी घ्यावी. समजा ती ५२ डेसिबल आली. निवेदन स्पष्ट कळण्यासाठी ते या पार्श्वभूमीच्या निदान १०, शक्यतो १५ डेसिबल वर असावे, म्हणजे ६७. ख्यालगायनासाठी मी ७५ ची सरासरी धरतो. ग्वाल्हेरच्या गायकीतील खुला आवाज याहून मोठा करण्याची गरज नसते, आणि पातळी वाढवत नेली की तानपुऱ्याची आस तबल्याखाली दबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीची १०० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. ती श्रवणशक्ती जपण्यासाठीची कमाल मर्यादा आहे, आपले उद्दिष्ट म्हणून ती कोणी लिहून देऊ नये.

आता शेवटच्या रांगेपासून मागे हिशेब करावा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की साध्या स्पीकरचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. शेवटची रांग १६ मीटरवर असेल, तर एक मीटरच्या तुलनेत २४ डेसिबल जातात. सरासरी ७५ वर तानांच्या आणि सम गाठतानाच्या उसळीसाठी १५ ची मोकळीक ठेवली, तर ९० अधिक २४, म्हणजे स्पीकरने एक मीटरवर ११४ डेसिबल न फाटता द्यायला हवेत. शक्ती दहापट केली की १० डेसिबल वाढतात, म्हणून एका वॉटला एक मीटरवर ९४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला त्यासाठी १०० वॉट लागतात. दोन हजारांची भाषा येथेच संपते.

याच हिशेबातून खरी अडचण पुढे येते. चार मीटरवर बसलेल्यांना तोच आवाज ८७ भरतो. आणि मैदानाची सीमा ३२ मीटरवर असेल, तर तेथे ६९ पोहोचतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाचे मानक ५५ आहे, आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज मानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. म्हणजे आपली मर्यादा ६५ आहे. यावर उपाय म्हणून आठ मीटरवर लहान स्पीकरांची दुसरी जोडी लावावी, आवाजाला आठ मीटर जायला लागतो तेवढा, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा विलंब तिला द्यावा आणि त्या विलंबात थोडी भर घालावी, म्हणजे आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. पुढची जोडी त्यामुळे हळू वाजते आणि सीमेवरचा आवाज दोन-अडीच डेसिबलने उतरतो. उरलेला फरक स्पीकरची तोंडे सतरंजीकडे झुकवून मिळवावा. तेवढ्यानेही न भागल्यास उद्दिष्टच ७२ वर आणावे, कारण पार्श्वभूमीपेक्षा तेही २० वर आहे.

साउंडवाल्याला मग असे लिहून द्यावे: ‘श्रोत्यांच्या सर्व जागी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, १५ मिनिटांची ए-मापनातील सरासरी ७२ डेसिबल, फरक अधिक-उणे ३, त्यावर १५ डेसिबलची मोकळीक, सीमेवर ६५ पेक्षा अधिक नाही.’ रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य शासनाने उत्सवासाठी १२ वाजेपर्यंतची सवलत दिली असेल तरच ती वेळ लिहावी.

तपासणी कार्यक्रमापूर्वी गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज, खर्जापासून तीव्र सुरांपर्यंत सारख्या भराचा चाचणीचा खरखराट) लावून जागोजागी करावी. मोबाइलचे अॅप अंदाजापुरते चालते, पण वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने ताळा केलेला ‘क्लास २’ अचूकतेचा ध्वनिमापक भाड्याने घ्यावा. गाणे सुरू झाल्यावर तो मापक मिक्सरपाशी ठेवावा, आणि मिक्सरची जागा व शेवटची रांग यांतील फरक आधीच मोजून मिक्सरवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा.