दोघादोघांचं कोरिलेशन शून्य आलं म्हणून थांबू नका

खूप व्हेरिएबल असले की आपण सवयीने दोन-दोनच्या जोड्या घेऊन कोरिलेशन काढतो आणि सगळीकडे शून्य दिसलं की यांचा आपसात काही संबंध नाही म्हणून मोकळे होतो, नेमका तिथेच घात होतो.

जिन्यातला बल्ब घ्या. एक बटण खाली, एक वर, कुठलंही दाबा, बल्ब बदलतो. बटणांच्या चारही स्थिती सारख्याच शक्य धरा. नुसतं खालचं बटण बघून बल्ब चालू की बंद सांगता येईल? नाही, फिफ्टी-फिफ्टी. वरचं बघूनही तेच. दोन्ही बघितली की मात्र उत्तर पक्कं! संबंध तिघांत मिळून आहे, जोडीत शोधलात तर सापडणारच नाही.

मोजायचं असं, आधी प्रत्येकाची शॅनन एन्ट्रॉपी, म्हणजे त्यात अनिश्चितता किती हे बिटांत काढा (लॉग २ च्या बेसचा), बेरीज करा आणि सगळ्यांची मिळून जी येते ती वजा करा. इथे १+१+१ म्हणजे ३, एकत्र चारच शक्यता म्हणून २, उरला १ बिट. हे टोटल कोरिलेशन, वातानाबे यांनी १९६० मधे मांडलेलं.

सँपल कमी असेल तर एकत्र एन्ट्रॉपी खऱ्यापेक्षा कमी येते आणि नसलेलं कोरिलेशन दिसायला लागतं. म्हणून प्रत्येक कॉलम वेगवेगळा शफल करून तोच आकडा शंभरेकदा काढा, तुमचा आकडा त्या गर्दीतच बसत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. ही पायरी प्लीज गाळू नका.

क्वांटममधे फॉर्म्युला तोच, फक्त एन्ट्रॉपी फॉन नॉयमनची, म्हणजे डेन्सिटी मॅट्रिक्सच्या (क्वांटम स्थितीचं पूर्ण वर्णन करणारा तक्ता) आयगेनव्हॅल्यूंवरून. तीन क्युबिटची (क्वांटम बिटांची) जीएचझी स्टेट (००० आणि १११ चं सारखं सुपरपोझिशन) घेतली तर एकेक क्युबिट १ बिट, अख्खी स्टेट प्युअर (म्हणजे एकत्र बघता काहीच अनिश्चित नाही) म्हणून ०, टोटल ३! साध्या तीन बिटांत २ च्या वर जाताच येत नाही, त्यामुळे २ ओलांडलं की एन्टँगलमेंट (साध्या बिटांत न जमणारा क्वांटम संबंध) नक्की. उलटं मात्र खरं नाही, एक बेल जोडी (पूर्ण एन्टँगल्ड दोन क्युबिट) आणि तिसरा एकटा क्युबिट घेतला तरी बरोबर २ च येतात.

लॅबमधे अख्खी मॅट्रिक्स काढायला ३ क्युबिटला मोजणीची २७ सेटिंग लागतात, १० ला ५९,०४९. म्हणून जीएचझीसाठी पाचच घ्या (एकेक अक्षर म्हणजे त्या त्या क्युबिटची मोजणी कुठल्या दिशेत): झेडझेडझेड, एक्सएक्सएक्स, एक्सवायवाय, वायएक्सवाय, वायवायएक्स. यातून फिडेलिटी, म्हणजे तुमची स्टेट खऱ्या जीएचझीच्या किती जवळ आहे हे निघतं आणि ती एरर बार (मोजणीतली चूक) धरूनही ०.५ च्या वर राहिली तर तिघंही खरोखर एकत्र एन्टँगल्ड आहेत.