रस्सा हिरवट, भात करडा: हॉटेलातील पदार्थांचे फोटो काढताना या चुका टाळा

निपाणीच्या बाजूला एका खानावळीच्या मेन्यूकार्डासाठी मी पहिल्यांदा तांबड्या रश्शाचे फोटो काढले, तेव्हा मालकांनी ते मोबाईलवर मोठे करून पाहिले आणि अगदी सभ्यपणे विचारले, “यात पालक कधी घातला हो आम्ही?” रश्शात पालक नव्हता. डोक्यावर जुनी ट्यूबलाइट होती, गल्ल्यावर पिवळा बल्ब होता आणि उघड्या दारातून दिवसाचा उजेड येत होता. या तिघांच्या ओढाताणीत मिरचीचा लाल रंग मळकट हिरवट झाला होता. असे झाले की बहुतेक मालक नवा मोबाईल घेण्याचा विचार करू लागतात. माझ्या अनुभवात मात्र दोष मोबाईलचा क्वचितच असतो. ताट कोणत्या उजेडात ठेवले आणि चुलीवरून उतरल्यावर ते किती वेळ थांबले, यातच तो बहुधा सापडतो.

रंग बिघडतो तेव्हा

पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (प्रकाशाचा रंग मोजण्याचे एकक; आकडा कमी तितका प्रकाश पिवळा, जास्त तितका निळसर) असतो आणि भर दिवसाचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास. कॅमेरा एका वेळी यांपैकी एकाच प्रकाशाशी जुळवून घेऊ शकतो, त्यामुळे दोन्ही एकाच ताटावर पडले तर भाताची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर दिसते, आणि असा फोटो नंतर कोणत्याही ॲपमध्ये धड दुरुस्त होत नाही. उपाय फुकटचा आहे: खोलीतले सगळे दिवे बंद करावेत, टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणावे आणि उजेड ताटाच्या बाजूने किंवा किंचित मागून येऊ द्यावा. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरे कापड बांधावे. समोरची बाजू अंधारी राहत असेल तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा.

उत्तरेकडची खिडकी उत्तम, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. बेळगाव मात्र सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येते. मे महिन्यात तिथेही कापड लागेलच. पुढे पाऊस सुरू झाला की ढगाळ आभाळाचा मऊ उजेड मिळतो, आणि तो रश्शासाठी मला सर्वांत जास्त आवडतो. मात्र खानापूर-बेळगावकडे पावसाळ्यात दारापुढे जी निळी ताडपत्री ताणतात, तिच्याखालून आलेला उजेड भात, दही, भाकरी सगळ्यांना निळी झाक देतो, आणि निळ्या भाताकडे पाहून कोणालाही भूक लागत नाही. पोपटी रंगवलेल्या भिंती आणि लाल प्लास्टिकची टेबले हाच प्रकार थोड्या कमी प्रमाणात करतात.

रात्रीच काम करणे भाग असेल तर एकाच जातीचे दिवे चालू ठेवावेत. फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटत असतील तर ते दिव्याच्या लुकलुकण्यामुळे असतात: आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने बदलता येते तिथे, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे बहुतेक वेळा जातात. मोबाईलचा फ्लॅश मात्र वापरूच नये; त्याने तर्रीवर पांढरे डाग पडतात आणि पदार्थ चपटा दिसतो.

पांढरा रस्सा करडा आणि कुंदा चिखलासारखा

कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम उजळ करायला पाहतो. त्यामुळे चौकटीत भात, पांढरा रस्सा आणि पांढरी बशी असली की तो सगळे अंधारून टाकतो. बोटाने पदार्थावर थोडा वेळ दाबून धरावे, फोकस कुलूपबंद झाला की उजेडाची पट्टी वर सरकवावी. पांढरे पांढरे दिसू लागेल तिथे थांबावे.

बेळगावच्या कुंद्याची, म्हणजे दुधाच्या दाणेदार मिठाईची, गोष्ट अधिक अवघड आहे. त्याचा रंग तपकिरी, आकार मुळात नाही, आणि पांढऱ्या बशीत वरून फोटो काढला तर तो हमखास चिखलाचा गोळा दिसतो. त्याचे सौंदर्य दाणेदारपणात आहे, आणि दाणा दिसण्यासाठी प्रत्येक कणाची बारीक सावली पडावी लागते. म्हणून उजेड खूप खालच्या कोनातून, जवळजवळ बशीच्या कडेला चाटून जाईल असा घ्यावा, कुंदा चमच्याने न दाबता मोकळा ठेवावा आणि वर पिस्त्याची रास घालण्याचा मोह टाळावा. बशी गडद लाकडी फळीवर ठेवली तर उलट घडते, कॅमेरा कुंदा फिकट करतो. तेव्हा तीच पट्टी थोडी खाली आणावी. गोकाकच्या करदंटालाही हाच उजेड मानवतो, फक्त वडी मोडून आतला डिंक आणि सुका मेवा दिसेल अशी ठेवावी.

स्टीलच्या ताटाची चमक

स्टीलचे ताट म्हणजे आरसाच असतो. त्यात छतावरचा पंखा, फोटोग्राफरचा शर्ट, कधी त्याचा चेहराही दिसतो. ताट घासून ही अडचण सुटत नाही, उलट वाढते. ताटाला जे दिसते तेच ते दाखवते, म्हणून त्याच्यासमोर मोठे पांढरे कापड धरावे, म्हणजे चकाकीऐवजी एकसारखा पांढुरका रंग येईल. स्वतः गडद रंगाचा साधा शर्ट घालावा.

वेळ निघून जाते

ज्वारीची भाकरी काही मिनिटांत कडा उचलते, चिरलेली कोथिंबीर मान टाकते, आणि थंड होत गेलेल्या मटणाच्या रश्शावर चरबीची पांढरी साय धरते. म्हणून रिकाम्या वाट्यांचे ताट मांडून चौकट, कोन आणि उजेड आधी ठरवावा, आणि मगच आत आवाज द्यावा. भाकरी ओलसर फडक्यात, कोथिंबीर थंड पाण्यात ठेवावी. तर्री खाली बसली असेल तर शेवटच्या क्षणी वरून एक पळी सोडावी.

कोनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पूर्ण थाळी वरून, वाटीतला रस्सा सुमारे ४५ अंशांतून आणि थर असलेला पदार्थ, उदाहरणार्थ घडी घातलेला मांडा, जवळजवळ समोरून चांगला दिसतो. मोबाईल ताटाच्या अगदी जवळ नेल्यास पुढची वाटी परातीएवढी होते, त्यामुळे दोन पावले मागे जाऊन २एक्स (दुप्पट) झूम वापरावा. आणि काम सुरू करण्यापूर्वी भिंग पुसावे, कारण खिशातल्या मोबाईलवर बोटांचे तेल असतेच.

फोटोत पाच फोडी, ताटात दोन

रस्सा लाल दिसावा म्हणून रंगाची पट्टी शेवटपर्यंत ओढली की लाल भाग सपाट होतो आणि तर्री रंगाच्या डब्यासारखी दिसते. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रत्यक्षात न मिळणारा माल दाखवणे. मटणाच्या फोडी बुडू नयेत म्हणून वाटीच्या तळाशी छोटी वाटी उपडी घालतात. फोडींची संख्या रोजच्याइतकीच असेल तर मला ते चालते, नसेल तर नाही. इंटरनेटवरून दुसऱ्याचा फोटो उचलला तर कॉपीराइटचा प्रश्न येतो, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत.

फोटोवरच पदार्थाचे नाव आणि किंमत छापू नये. आपल्याकडचा ग्राहक मराठीही वाचतो आणि कन्नडही, शिवाय दर बदलला की सगळे फोटो बाद होतात. नाव दोन्ही भाषांत खाली वेगळे द्यावे. छापखान्याला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर वाटेतच त्याचा आकार घटतो आणि फ्लेक्सवर भाकरीचे पापुद्रे दिसत नाहीत.