आडबाजूच्या बेटावर जायचंय? तिकिटं काढताना या चुका टाळा

बहुतेकांची सुरुवातच उलटी होते. जवळच्या विमानतळावरून स्वस्त तिकीट दिसतं, ते घाईने काढलं जातं आणि मग पुढचं जुळवायला बसतात. लंडन-दुबईला हे खपून जातं, कारण एक विमान हुकलं तरी मागून दुसरं असतंच. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाचं तसं नाही. तिथली नियमित विमानसेवा २०१७ च्या ऑक्टोबरात जोहान्सबर्गहून सुरू झाली, आणि वर्षाचा बराच काळ आठवड्याला एकच फेरी असते. ती हुकली की आठवडा गेला. त्यातून तिथल्या धावपट्टीवरचे वारे लहरी. म्हणून आधी शेवटचा टप्पा पक्का करा आणि तिथून मागे मागे येत बाकीची विमानं बसवा. परतीलाही हेच. बेटावरून निघाल्याच्या संध्याकाळीच पुढचं लांब पल्ल्याचं विमान ठेवणं म्हणजे निव्वळ जुगार.

दुसरी चूक खिशाला जास्त झोंबते: वेगवेगळी तिकिटं. एकाच बुकिंगमधलं पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं. तिकिटं वेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. शिवाय बहुतेक वेळा इमिग्रेशन पार करून बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. बुकिंग साइटवर 'सेल्फ ट्रान्सफर' (म्हणजे मधली जोडणी तुमची तुम्ही सांभाळा) हे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते शोधून वाचा. माझा हिशेब सरळ आहे: वेगळी तिकिटं असतील तर मध्ये एक रात्र मुक्काम. हॉटेलचा खर्च टोचतो खरा, पण ऐनवेळी काढलेलं तिकीट त्याहून जास्त टोचतं.

आणि हो, एखादा टप्पा मुद्दाम सोडू नका. बहुतेक कंपन्या त्यापुढचे सगळे टप्पे रद्द करतात, परतीसकट.

शहर एक, विमानतळ दोन, ही फसगतही नेहमीची. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला बाहेरदेशाहून येणारं विमान बहुधा एझेइझाला उतरतं, तर देशाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायाकडे जाणारी बरीच विमानं आएरोपार्केहून सुटतात. मध्ये अख्खं शहर आणि त्याची वाहतूक.

कागदपत्रांत उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही, हे वाचून लोक खूश होतात. पण वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी एकदाच प्रवेशाचा घेतला, तर परतताना नॉर्वेत शिरताच येत नाही; किमान दोन प्रवेशांचा हवा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन चुकत नाही, त्यामुळे व्हिसा किंवा पूर्वपरवानगी आधीच लागते. प्रशांत महासागरातल्या चिलीच्या ईस्टर बेटासाठी परतीचं तिकीट, प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज आणि राहण्याच्या सोयीचा पुरावा चिलीच्या मुख्य भूमीवरच तपासतात.

प्रशांत महासागरात तारीखरेषा आहे, ती ओलांडली की तारीख बदलते. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळून रेषेची बाजू बदलली; शेजारचा अमेरिकन सामोआ होता तिथेच राहिला. सामोआहून अमेरिकन सामोआला जाणाऱ्या अर्ध्या-पाऊण तासाच्या उड्डाणात घड्याळ तेच राहतं, तारीख मात्र कालची होते. हॉटेलची रात्र चुकते ती इथेच.

एवढं करूनही कनेक्शन हुकायची चिन्हं दिसली, तर पुढचं विमान सुटायच्या आत त्या कंपनीला कळवा. काउंटरच्या रांगेत उभे असतानाच फोन आणि अ‍ॅप दोन्ही चालू ठेवा. तिकीट एकच असेल तर कंपनीने हात वर करेपर्यंत स्वतः नवं काढू नका. उशिराचं कारण लेखी मागून घ्या, विम्याला लागतं. औषधं आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, कारण शेवटच्या छोट्या विमानात वजन जास्त झालं तर आधी सामानच मागे राहतं.