वारी, जत्रा, देवघर रिअलिस्टिक रंगवताय? या चुका टाळा

आषाढ जवळ आला की सगळीकडे वारीची चित्रं दिसायला लागतात, आणि त्यातली बरीचशी एकाच चित्राच्या कॉप्या वाटतात. म्हातारा वारकरी, डोळे मिटलेले, सुरकुती न् सुरकुती बारीक काढलेली, मागे धूसर भगवं. हात चांगला असतो, ड्रॉइंग पक्कं असतं, रात्र रात्र बसून काम केलंय हे दिसतं, तरी त्या चित्रापुढे थांबावंसं वाटत नाही. मला याचं खूप वाईट वाटतं, कारण मेहनत कमी पडलेली नसते, बघणं कमी पडलेलं असतं. वारीत चालणाऱ्या माणसाचं अर्धं लक्ष पायाखालच्या चिखलात असतं, खांद्यावरची पडशी सारखी घसरत असते, पुढच्या टाळकऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायचं असतं, आणि हे सगळं चालू असतानाच तोंडात अभंग असतो. भक्ती आणि रोजचं जगणं असं एकमेकांत मिसळलेलं असतं, आणि रिअलिस्टिक चित्राला ते जितकं दाखवता येतं तितकं दुसऱ्या कशालाच येत नाही असं माझं ठाम मत आहे. तर नेहमी दिसणाऱ्या चुका आणि त्यावर काय करायचं ते लिहितो.

डोळे मिटवले की भक्ती झाली असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक म्हणून आधी हीच. भाव दाखवायचा म्हणून आपण चेहरा मोठा करतो, क्लोजअप घेतो, आणि हात फ्रेमच्या बाहेर जातात. तिथेच चित्र गेलं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई बघा कधी जवळून, मान एकदम सरळ, हनुवटी किंचित आत, खाली बघायचं असलं तरी मान न वाकवता फक्त डोळे खाली, एक हात वर वृंदावनाला आणि दुसऱ्या हाताने काष्टा सावरत डबकं ओलांडायचं. त्या मानेत सगळं आलंय, वेगळा भाव चिकटवायची गरज नाही.

रशियन चित्रकार रेपिनचं कुर्स्क प्रांतातल्या धार्मिक मिरवणुकीचं चित्र जरूर बघा, १८८० ते १८८३ मधलं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, रुंदी जवळजवळ पावणेतीन मीटर. धुळीने भरलेला रस्ता, पुढे फुलं आणि रिबिनी लावलेला मोठा कंदील खांद्यावर घेतलेले शेतकरी, त्यांच्या मागे दोन बायका मूर्तिचित्राची (म्हणजे चर्चमधल्या पूज्य चित्राची) नुसती रिकामी पेटी अगदी जपून नेतायत, खुद्द मूर्तिचित्र मागे जमीनदारणीच्या हातात, बाजूला घोड्यावरचे पोलीस चाबूक उगारतायत, कुबड आलेला एक लंगडा पोरगा कुबडी टेकत पुढे घुसू बघतोय आणि त्याला काठीने अडवतायत, मागच्या टेकडीवर झाडं तोडून नुसती खोडं राहिलेली. चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने सुचवलं होतं की त्या बायकांच्या जागी एखादी सुंदर तरुण मुलगी घाल, श्रद्धेने भारलेली. रेपिनने नाही म्हणून सांगितलं. आता विचार करा, ती सुंदर मुलगी घातली असती तर बघणाऱ्याची नजर तिच्यावरच अडकली असती, आणि रिकामी पेटी इतक्या जिवापाड जपणाऱ्या त्या साध्या बायका, म्हणजे चित्रातली खरी श्रद्धा, गेली असती.

उपाय साधा आहे. पहिल्या स्केचला चेहरे काढूच नका. चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकृती आकार ठेवा, आणि हात, मान, पाठ, पाय यांच्यावरून माणूस काय करतोय हे कळतंय का बघा. कळत नसेल तर चेहरा काढून काही फायदा होणार नाही.

फोटो उलटा झालाय हे लक्षात न येणं

हल्ली ही चूक फार वाढलीये. फ्रंट कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशातल्यासारखा सेव्ह होतो, किंवा कंपोझिशन बरं दिसावं म्हणून आपणच फ्लिप मारतो आणि विसरून जातो. लँडस्केपमध्ये चालून जातं, पण धार्मिक विधीत डावं-उजवं याला अर्थ आहे. मग नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर भलत्याच खांद्यावर जातो, गुरुजी डाव्या हाताने तीर्थ देतायत, प्रदक्षिणा घालणाऱ्यांच्या डाव्या हाताला देव. गावातली कुठलीही आजी पाच सेकंदात हे पकडते, आणि मग तिला बाकीचं चित्र दिसतच नाही.

मृदंगाचं तर अजून सोपं आहे ओळखायला. वादक डावखुरा नसेल तर उजव्या तोंडाला काळी शाई (वाळलेल्या लेपाचा काळा गोल) असते आणि डाव्या तोंडाला ओली कणीक थापलेली असते. चित्रात हे उलट आलं असेल तर समजा की अख्खा फोटो उलटा आहे, नुसता मृदंग दुरुस्त करून भागायचं नाही, सगळंच तपासा.

कपाळाचा टिळा अंदाजाने काढणं

वारकऱ्याच्या कपाळावर उभा गोपीचंदनाचा टिळा आणि मधे काळा बुक्का. आडवे भस्माचे पट्टे ही शैवांची खूण. कॉलेजच्या प्रदर्शनात चांगल्या चांगल्या कामात टाळ वाजवणाऱ्या वारकऱ्याला आडवे पट्टे ओढलेले दिसतात. गळ्यात तुळशीची माळ पाहिजे, रुद्राक्षाची नको. हे विचारून घ्यायला एक मिनिट लागतं.

डिसेंबरचं ऊन आषाढात आणणं

रंगांची गडबड बहुतेक इथे होते. आषाढात आभाळ भरलेलं असतं, प्रकाश वरून सगळीकडे सारखा पसरलेला, सावल्यांना कडा नसतात. आपण मात्र वर्गात साईड लाईटवर मॉडेल काढायला शिकलेलो, म्हणून एका बाजूने पिवळं ऊन आणि दुसऱ्या बाजूला काळीभोर सावली असं करून टाकतो, आणि मग चित्र वारीचं न वाटता स्टुडिओत कपडे घालून उभ्या केलेल्या माणसाचं वाटतं.

पांढऱ्या कपड्यांचंही तेच. दिवे घाट चढणाऱ्या हजारो माणसांचे पांढरे सदरे दिसतात खरे, पण ट्यूबमधला पांढरा त्यात जवळजवळ कुठेच नसतो. वर आभाळाचा निळसर करडा, खाली मातीचा तांबूस उजेड परत आलेला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने मळलेलं, टोपी तेवढी उजळ. शुद्ध पांढरा एकदोन ठिकाणासाठी राखून ठेवा. पताकासुद्धा फडफडत्या काढायचा मोह होतो, पण पावसात भिजलेली पताका काठीला चिकटून खाली लोंबते आणि तिचा भगवा गडद, विटकरीकडे झुकलेला दिसतो. तशी काढून बघा, आख्ख्या चित्राला पावसाचं वजन येतं.

जेजुरीचा प्रॉब्लेम वेगळा. तिथे भंडाऱ्याचा पिवळा एवढा की सगळीकडे लेमन यलो फासला जातो, आणि सावली करायला त्यात काळा घातला की हिरवट घाण होते (पिवळ्यात काळा गेला की ऑलिव्ह हिरवा होतो). काळ्याच्या ऐवजी रॉ सिएना, बर्न्ट सिएना आणि थोडासा जांभळा घ्या. मुख्य म्हणजे कडक पिवळा फक्त ऊन थेट पडतंय तिथेच ठेवा, बाकी ठिकाणी भंडारा परावर्तित उजेडातून दिसू दे, हनुवटीच्या खालून, पांढऱ्या सदऱ्याच्या घडीतून, पायरीच्या काळ्या दगडाच्या सांध्यात साठलेला.

दिव्याच्या उजेडात ट्यूबलाईट मिसळणं

देवघर, काकड आरती, दिवाळी, या विषयांवर सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप', हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, बघितल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये. हळदणकर सावंतवाडीचे, चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात आणि पुष्कळांना ते ऑइल वाटतं. रविवर्मा १९०६ मध्येच गेले होते, आणि चित्र वॉटरकलर आहे. म्हणजे तो उजेड वरून पांढरा रंग ठेवून आणलेला नाही, पारदर्शक वॉटरकलरमध्ये उजेडाची जागा सुरुवातीपासून राखावी लागते.

त्यात आडोशाला धरलेल्या हाताकडे नीट बघा. ज्योतीसमोरची बोटं नुसती पिवळी नाहीत, कडेने उजेड आरपार येतोय म्हणून ती लालसर पेटल्यासारखी दिसतात. आपण फोनवर फोटो काढतो तेव्हा कॅमेरा अंधार भरून काढायला एक्स्पोजर वाढवतो, ज्योतीचा पांढरा गोळा होतो, अख्खा चेहरा सपाट नारिंगी होतो, आणि वर खोलीतली ट्यूब चालू असेल तर कपाळावर निळसर चकाकी येते. तेच कॅनव्हासवर उतरतं आणि मग लोक म्हणतात दिवा पेटल्यासारखा वाटत नाही.

घरी करून बघा. ट्यूब बंद, घरातल्या कुणालातरी निरांजन घेऊन बसवा, ज्योत छातीच्या उंचीला. डोळे अंधाराला सरावू द्या, मग काढा. हनुवटीच्या खालचा भाग उजळ, नाकाची सावली वर गेलेली, कपाळ जवळजवळ अंधारात, आणि दिव्यापासून वीतभर लांब गेलं की उजेड झपकन कमी होतो. चित्रात सगळ्यात उजळ फक्त ज्योत, तिच्या जवळपासही दुसरं काही जाऊ देऊ नका, दागिन्यावरचे ठिपकेसुद्धा.

विल्हेल्म लाइब्ल नावाच्या जर्मन चित्रकाराने बव्हेरियातल्या बेर्ब्लिंग गावच्या चर्चमध्येच गावातल्या तीन बायकांना बसवून चित्र केलं, १८७८ पासून १८८२ पर्यंत ते चाललं. आज तेवढा वेळ कुणाकडे नाही हे कबूल, पण जागेवर जाऊन केलेला पोस्टकार्डएवढा एक कलर स्टडी पन्नास फोटोंना भारी पडतो.

जुनं दिसावं म्हणून आजचं खोडून टाकणं

प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला वारकरी, पाण्याचा टँकर, कानाला मोबाईल लावलेली मावशी, ट्रकवर वाळत घातलेल्या साड्या. हे सगळं आपण काढून टाकतो कारण ते 'पारंपरिक' वाटत नाही. मला वाटतं इथे आपण आपल्याच परंपरेचं मोठं नुकसान करतो. धुरंधरांनी (महादेव विश्वनाथ धुरंधर, १८६७ ते १९४४, जन्म कोल्हापूरचा, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आयुष्य गेलं) लग्नं, देवळाला निघालेल्या बायका, रस्त्यावरची माणसं काढली ती त्यांच्या काळातली, त्यांनी रोज बघितलेली. कोणत्या समाजाची बाई साडी कशी नेसते हे आज आपण त्यांच्या चित्रात शोधतो, ते त्यांनी तेव्हाचं तेव्हा नोंदवलं म्हणूनच सापडतं. आणि आपण त्यांच्यासारखं करायचं म्हणून १९१० ची साडी नेसवतो!

पावसात पांघरलेलं ते निळं प्लॅस्टिक रंगवायला किती सुंदर आहे बघा, अर्धपारदर्शक, आतून सदऱ्याचा पांढरा आणि झेंड्याचा भगवा दिसतोय, वर पाण्याचे ओघळ. अजून शंभर वर्षांनी कुणीतरी ते बघून म्हणेल की तेव्हा असं होतं.

गर्दी म्हणजे ठिपके

मागच्या माणसांचे नुसते ठिपके आणि पुढे एक हिरो, हे सिनेमाच्या पोस्टरला ठीक आहे. दिंडीला रचना असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंगवाला, मागे वीणेकरी, त्याच्या मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. वीणा खाली ठेवत नाहीत, एकाकडून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि तो हस्तांतराचा क्षण एवढा चांगला विषय असून त्यावर चित्रं फारच कमी दिसतात. रचना माहीत असली की कंपोझिशन अर्धं तयार मिळतं, उगाच माणसं इकडेतिकडे पेरावी लागत नाहीत.

फ्रेंच चित्रकार कूर्बेने १८४९-५० मध्ये आपल्या ऑर्नां गावातला एक अंत्यविधी काढला, साडेसहा मीटरपेक्षा रुंद कॅनव्हास, चाळीसएक माणसं, जवळजवळ सगळी खऱ्या मापाची. गावातल्या लोकांनीच त्याच्यासाठी पोझ दिली. पाद्री, खड्डा खणणारा, रडणाऱ्या बायका, कुत्रा, सगळे एका ओळीत, कुणीही हिरो नाही, काहीजण तर भलतीकडेच बघतायत. पॅरिसच्या टीकाकारांना याचाच राग आला होता, की एवढा मोठा कॅनव्हास साध्या गावकऱ्यांसाठी कशाला. तुमच्या चित्रातही दोनचार माणसं भलतीकडे बघू देत. खऱ्या आरतीत कुणीतरी चपलेकडे बघत असतं, एक पोरगं प्रसादाच्या ताटाकडे.

समाज आपला नसेल तर

काढू नये असं अजिबात नाही. गोव्यातल्या सांग्याचे आंतोनियो त्रिनदाद कॅथलिक होते आणि त्यांनी हिंदू बायकांची पोर्ट्रेटं फार आपुलकीने केली. फक्त आधी विचारा, फोटो काढायच्या आधीसुद्धा. ज्या विधीत कॅमेरा चालत नाही तिथे स्केचबुकही बाहेर काढू नका, बघून घ्या आणि बाहेर येऊन काढा.

आणि चित्र पूर्ण व्हायच्या आधी, रंग अजून हलवता येतोय तेव्हाच, त्या समाजातल्या एका माणसाला दाखवा. 'कसं वाटलं' असं विचारलं तर छान म्हणून मोकळे होतात, म्हणून 'यात काय चुकलंय' असं विचारा. बहुतेक वेळा बोट टिळ्यावर नाहीतर टाळाच्या दोरीवर जातं. ऑइल असेल तर ओलं असताना पुसून घ्या, वॉटरकलर असेल तर कपाळ आणि हात हे भाग शेवटपर्यंत फिकट ठेवा, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते.