बदकं पाळताय? या चुका टाळा (आणि रानबदकांना आधी हातच लावू नका)

"काकू, बदकाचं पिल्लू पाण्यात बुडतं का हो?"

रात्री साडेनऊला हा फोन आला. "बुडतं," मी म्हटलं, "किती गेली?" पलीकडे जरा शांतता. मग, "तीन."

आम्ही नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातले. आजेसासूंच्या काळापासून घरात बदकं आहेत. शेतं गेली, टॉवर आले, बदकं राहिली. सध्या अकरा आहेत. कुणीतरी कुणाला तरी सांगतं, 'त्या काकूंना विचार', आणि फोन येतात. प्रश्न दरवर्षी तेच, मेलेली पिल्लंही तशीच. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

टबात पोहायला सोडणं

फोन करणाऱ्या त्या मुलाने आपल्या मुलीच्या वाढदिवसाला बाजारातून सहा पिवळी पिल्लं आणली होती, चार-पाच दिवसांची. घरी आल्या आल्या बाथरूममधला प्लास्टिकचा टब भरला आणि पिल्लं त्यात सोडली. व्हिडिओ काढायचा होता ना! पहिली पाच मिनिटं पिल्लं खरंच झकास पोहली. नंतर केक कापायला सगळे बाहेर गेले. चाळीस मिनिटांनी बघतात तर तीन उलटी तरंगत होती आणि उरलेली माना टाकून टबाच्या कडेला चिकटलेली.

लोकांना वाटतं, बदक म्हणजे पाणी. बरोबर आहे, पण ते मोठ्या बदकाचं. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. शेपटीजवळच्या तेलग्रंथीतलं तेल चोचीने अंगभर लावून मोठं बदक पिसं कोरडी ठेवतं, पिल्लाला ते अजून नीट जमत नाही. मग कोंबडीच्या अंड्यांसोबत मशीनमध्ये उबवलेली बाजारातली पिल्लं पहिल्या दिवशी पाण्यात जातात तेव्हा लव भिजते, अंग जड होतं, गारठतं, आणि टबाच्या गुळगुळीत भिंतीवर चढायला काही नसतं. आईबरोबरची पिल्लं पहिल्याच दिवशी पोहतात, हे खरं आहे. पण ती आई त्यांना थोड्या वेळाने बाहेर काढते, पोटाखाली घेते, सुकवते. तुमच्या टबाला पोट नाही.

मी स्कूटरवरून गेले. दोन टॉवेल, हेअर ड्रायर मंद करून हातभर लांबून, मग पिवळा बल्ब. चोचीत पाणी घालायला निघालेल्या आजोबांना हात धरून थांबवलं. अर्धमेल्या पिल्लाच्या तोंडात ओतलेलं पाणी सरळ श्वासनळीत जातं. पहाटेपर्यंत एक गेलं, दोन वाचली.

माझी पद्धत सांगते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३२ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मी थर्मामीटर लावत नाही, पिल्लांकडे बघते. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी वाजतेय. कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. मे महिन्यात आपल्याकडे आठ-दहा दिवसांत बल्ब सुटतो, जानेवारीत सुटत नाही. पाणी परातीत द्यायचं, आणि परातीत गोटे भरायचे, म्हणजे चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल पण अंग बुडणार नाही. चोच बुडणं मात्र हवंच. नाक-डोळे धुवायला त्यांच्याकडे तेवढंच साधन आहे, आणि पाण्याशिवाय कोरडं खाद्य घशात अडकतं. कोंबड्यांचा उथळ ड्रिंकर लावून डोळे चिकटले म्हणून फोन करणारेही आहेत. पोटावर खरी पिसं दिसली की पोहायला सोडा, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. तोवर व्हिडिओ थांबू शकतो.

"वरचा थर काढला की झालं"

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जास्त जिव्हारी लागलेली. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने जुलैत शेंगदाणा पेंडीचं पोतं स्वस्तात दिलं. पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं. आठवड्याने उघडलं तर ओलसर ढेकळं, एका बाजूला हिरवट बुरशी. मी शहाणपणा केला. वरचं काढून टाकलं, उरलेलं दोन दिवस उन्हात घातलं आणि भरड्यात मिसळलं. नऊ पिल्लं होती. आधी खाणं सोडलं, मग पाय ताणून, मान मागे टाकून एकेक गेलं. दोन राहिली.

बुरशी दिसते ती वर, विष असतं आत. अफ्लाटॉक्सिन. ते उन्हाने जात नाही, शिजवून जात नाही. बदकाची पिल्लं या विषाला इतकी नाजूक असतात की कोंबडीचं पिल्लू जे पचवून जातं त्यात हे मरतं. हे विष माणसाला कळलं तेच मुळी १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा. शोध घेताना गाडी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर येऊन थांबली. तिकडे बदकांची पिल्लंही मेली होती. म्हणजे माझ्या पडवीत घडलं ते साठ वर्षं आधीच घडून गेलेलं होतं.

आता जून ते सप्टेंबर मी पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणते, झाकणाच्या पिंपात, पिंप विटांवर. वास घेते. जरा जरी कुबट वाटला तरी अख्खं फेकते. नवरा म्हणतो पैसे वाया गेले. जाऊ देत.

खाद्याचंच आणखी एक. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर बदकांना चालतं, पण त्यात नायसिन हे ब जीवनसत्त्व कमी पडतं. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यामागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. ते नसलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुडघे वाकतात, पिल्लू बसून सरकतं, आणि लोक 'पाय मोडला' म्हणून पट्टी बांधतात. कपभर खाद्यावर चमचाभर ब्रूअर्स यीस्ट भुरभुरवायचं, सोबत कधीतरी मीठ न लावलेला सुका जवळा. पाय वाकडे होऊन बरेच दिवस गेले की मग फारसं सुधारत नाही, त्यामुळे वाट बघू नका.

थोडक्यात आटपण्यासारख्या

एकच बदक पाळू नका, ते दिवसभर ओरडतं आणि शेजारी तुमच्यावर.

एका नरामागे चार-पाच माद्या ठेवा. दोन माद्यांमागे दोन नर ठेवलेत तर माद्यांच्या मानेवरची पिसं उपटलेली दिसतील.

पिल्लांखाली वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. गोणपाट घाला.

मोठ्यांना सतत सिमेंटवर ठेवलं तर तळव्याला फोड येऊन पिकतात.

फरसाण नाही. खारट भातही नाही.

षटकोनी मुर्गी-जाळी बदकाला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. घूस खालून येते, मुंगूस कुठूनही. नवी मुंबईच्या खारफुटीत कोल्हे आहेत, हे सेक्टरवाल्यांना खरं वाटत नाही. खुराड्याला जाड वेल्डेड जाळी लावा, जमिनीत वीतभर गाडा, आणि रोज रात्री कडी स्वतः लावा. पोरांना सांगून नव्हे.

रानबदकांना 'वाचवणं'

गेल्या सप्टेंबरात दोन कॉलेजची पोरं खोका घेऊन दारात. नेरूळच्या एका तळ्याकाठून उचललेली पाच पिल्लं, काळी-पांढरी, लाजरी. अडई या शीळ घालणाऱ्या रानबदकाची. "आई सोडून गेली हो त्यांना." कुठे उभे होतात? "तिथेच, जवळ." मग आई कशी येईल? अडई झाडाच्या ढोलीतही घरटं करते, पिल्लं वरून धपाधप उड्या मारतात आणि आईबापामागे पाण्याकडे चालायला लागतात. त्या वेळी माणूस दिसला की मोठी उडून जातात आणि शीळ घालत घिरट्या मारतात. पोरांनी शीळ ऐकली होती, पण ती कसलीतरी दुसरीच समजली.

आम्ही परत गेलो. खोका गवतात आडवा केला आणि बरंच मागे जाऊन झाडाखाली बसलो. पोरं दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आता बघू का?" पाऊण तासाने जोडी उतरली. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, ही थाप आहे. पाचही पिल्लं ओळीत निघाली आणि वेतात दिसेनाशी झाली.

खरंच जखमी रानबदक मिळालं तर? संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेली मिळतात, थापटे आणि तलवार बदकं तेव्हा खाडीत आलेलीच असतात. डोक्यावरून फडकं टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खोका अंधारात आणि शांत जागी. खायला नको, पाणी नको, मुलांना दाखवणं नको. पंखात रुतलेला दोरा ओढून काढू नका, थोडा ठेवून कापा. वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा. 'बरं होईपर्यंत ठेवतो' हा विचार सोडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदक घरी ठेवता येत नाही. आणि एकापेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले तर हातही लावू नका, लगेच कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत आला होता. घरी बदकं असणाऱ्याने तळ्यावरची चप्पल खुराड्यात नेऊ नये, एवढं तरी पाळा.

ठाण्याच्या तलावपाळीला बदकांना पाव टाकणाऱ्यांशी मी भांडून झाले. पावाने पोट भरतं, पोषण होत नाही, उरलेला तळाशी कुजतो. कुजक्या, बिनहवेच्या चिखलात बोट्युलिझमचं विष तयार होतं आणि पक्ष्याची मान लुळी पडते. २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात याच विषाने हजारो पक्षी मेले. तिथे पाव कुणी टाकला नव्हता, मान्य. पण आपल्या तळ्यांना आणखी कुजकं कशाला द्यायचं?

आणि कंटाळा आला म्हणून पाळलेलं बदक तळ्यात 'मोकळं' सोडणं. पांढरं जाडं बदक उडू शकत नाही, त्याला शोधून खाता येत नाही, पहिल्याच रात्री कुत्री घेरतात. वाचलंच तर हळदी-कुंकू बदकाशी जोडी जमवून भलतीच संकरित पिल्लं काढतं. नको असेल तर पाळणाऱ्याला नेऊन द्या.

त्या टबवाल्या मुलाने तेवढं केलं. सोसायटीत तक्रारी आल्यावर उरलेली दोन माझ्याकडे आणून सोडली. विकणाऱ्याने नर-मादीच्या जोड्या म्हणून दिलेली. परवा भेटायला आला, तेव्हा दोघं अंगणात घोगऱ्या आवाजात फुसफुसत होती.

"काकू, अंडी कधीपासून देतील?"

मी एकाला उचलून त्याच्या शेपटीवरचं कुरळं पीस, नराची खूण, दाखवलं. मग दुसऱ्याला उचललं.