घाटेअळीचा विषाणू: वाढवायचा कसा, तपासायचा कसा

हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठीचा एचएएनपीव्ही हा विषाणू जिवंत अळीतच वाढतो. म्हणून निरोगी अळ्यांची खोली आणि विषाणूची खोली वेगळी ठेवा. चिमटे, ट्रेसुद्धा वेगळे. माणूस एकच असेल तर आधी निरोगी अळ्यांचे काम, मग विषाणूचे. उलट फेरी कधीच नाही. पतंगांनी कापडावर घातलेली अंडी ०.२ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावीत.

अळ्यांचे खाद्य हरभऱ्याचे पीठ, यीस्ट आणि अगार यांचे. निरोगी अळ्यांच्या खाद्यात बुरशी टाळायला फॉर्मेलिन घालतात. विषाणू द्यायच्या खाद्यात ते अजिबात नको, कारण फॉर्मेलिनने विषाणू निकामी होतो.

प्रत्येक कुपीतल्या खाद्यावर १० मायक्रोलिटर विषाणूचे द्रावण टाकून गुळगुळीत काचकांडीने सारखे पसरा. त्यात सुमारे ५ लाख पीओबी, म्हणजे विषाणूचे बहुतलीय कण, असावेत. पाणी सुकले की पाचव्या अवस्थेच्या (दोन काती टाकण्यामधला टप्पा म्हणजे एक अवस्था) सुरुवातीची एकच अळी सोडा. दोन सोडल्या तर एक दुसरीला खाते. अळी लहान असेल तर अंगात माल, म्हणजे विषाणूचे कण, भरण्याआधीच मरते, उशिराची घेतली तर कोषात जाते. तापमान २५ ते २६ अंश. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत बहुतेक अळ्या मरतात.

विषाणूने मेलेली अळी फिकट, लिबलिबीत होते, कातडी नाजूक असते आणि आतून दुधाळ द्रव निघतो. काळी पडून सडका वास मारणारी अळी जिवाणूंनी मेलेली, ती फेका. मेल्याबरोबर वेचा, उशीर केला तर कातडी फुटून माल कुपीतच सांडतो. वेचलेल्या अळ्या गोठवून ठेवता येतात.

नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात वाटून दुहेरी मलमलमधून गाळा, चोथा पुन्हा धुऊन घ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० आरपीएमवर मिनिटभर फिरवले की कचरा तळाशी बसतो. वरचे द्रावण ५,००० आरपीएमवर २० मिनिटे फिरवा; आता तळाचा पांढरट थर हाच माल.

विषाणूची मात्रा एलई, म्हणजे अळी-समतुल्य, या एककात मोजतात; पण ‘२५० अळ्या म्हणजे २५० एलई’ हा हिशेब विसरा. एक एलई म्हणजे ६०० कोटी पीओबी, आणि प्रत्येक अळी तेवढे देत नाही. न्यूबाउर काचपट्टीवर (कण मोजण्यासाठी चौकोन आखलेली पट्टी) ४०० पट मोठे करून ८० छोटे चौकोन मोजा. चौकोनामागची सरासरी × ४० लाख × विरलता (नमुना किती पट पातळ केला) = मिलीलिटरमागे पीओबी. हजारपट विरल नमुन्यात ८० चौकोनांत २४० कण आले, तर सरासरी ३ आणि मूळ द्रावणात मिलीलिटरला १,२०० कोटी. हेक्टरी २५० एलईसाठी, म्हणजे दीड लाख कोटी कणांसाठी, असे १२५ मिली लागेल.

चरबीचे थेंबही गोल आणि चकचकीत दिसतात, नवखा माणूस तेच मोजत बसतो. शंका आली तर सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडा: कण विरघळतात, चरबीचे थेंब तसे नाहीसे होत नाहीत.

संख्या भरली म्हणजे विषाणू मारक आहे असे नाही; उन्हात किंवा उष्णतेत राहिलेले कणही सूक्ष्मदर्शकात तसेच दिसतात. म्हणून प्रत्येक खेपेच्या मालाची जैवचाचणी, म्हणजे जिवंत अळ्यांवरची चाचणी, हवीच: दुसऱ्या अवस्थेच्या अळ्या, पाच-सहा तीव्रता, प्रत्येकी ३० अळ्या, शिवाय नुसत्या पाण्याचा एक गट. पाण्याच्या गटात २० टक्क्यांहून जास्त मर झाली तर चाचणी रद्द करून आधी अळ्यांची खोली तपासा.

माल ४ अंशांवर, अंधारात ठेवा. फवारणी संध्याकाळीच.